बारीक रेघ कुठे टिकते? हाय-कॉन्ट्रास्ट सेरिफबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असेन तर लगेच कळेल. अत्तराच्या एका नव्या ब्रँडसाठी तुम्ही जाड आणि बारीक रेघांत टोकाचा फरक असलेला सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या पट्ट्या असलेला टाइप) निवडलात. सादरीकरणाच्या मोठ्या पडद्यावर नाव देखणं दिसलं आणि क्लायंटनं तिथल्या तिथे होकार दिला. मग प्रत्यक्ष काम सुरू झालं. बाटलीच्या मागच्या लेबलवरचा मजकूर विरल्यासारखा दिसतोय, मोबाइलवर वेबसाइट वाचताना अक्षरं चमचमतात आणि काळ्या खोक्यावरच्या सोनेरी फॉइलच्या नमुन्यात कॅपिटल एचची आडवी रेघच उडाली आहे. क्लायंट म्हणतो, ‘बोल्ड करून टाका.’ तुम्ही विचारताय की असाच दिसणारा, पण सगळीकडे चालणारा दुसरा फॉन्ट कोणता, आणि जोडीला काय घ्यावं.

एकाच रेखाटनात सगळीकडे चालेल असा फॉन्ट नाही, आणि तो शोधण्यात वेळ घालवू नका. या जातीच्या टाइपफेसचं सौंदर्य ज्या बारीक रेघेत आहे, ती रेघ आकारानं लहान-मोठी होताना तिची खरीखुरी जाडी बदलत जाते, आणि एका हद्दीखाली ती कागदावर किंवा पडद्यावर उरतच नाही. म्हणून ‘कोणता फॉन्ट’ याच्या आधी ‘किती पॉइंटला, कशावर आणि कोणत्या पद्धतीनं’ हे विचारायला हवं (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप, साधारण ०.३५ मिलिमीटर). गेली बावीस वर्षं मी टाइपसेटिंग आणि प्रीप्रेसचं, म्हणजे छपाईआधीच्या तयारीचं, काम करते. या जातीच्या फॉन्टबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला तिथेच सापडलं आहे.

पहिल्यांदा मोजमाप. तुमच्या फॉन्टमधलं कॅपिटल एच १०० पॉइंटला टाइप करा, आउटलाइनमध्ये बदला आणि मधल्या आडव्या रेघेची जाडी मोजा. तुमच्याकडचा नेमका फॉन्ट मी पाहिलेला नाही, पण डिस्प्लेसाठी, म्हणजे मोठ्या आकारासाठी, काढलेल्या अशा टाइपमध्ये ती दीड पॉइंटच्या आसपास निघाली तर मला नवल वाटणार नाही. दीडच धरून पुढे जाऊ. तुमचा आकडा वेगळा आला तर तो घाला. म्हणजे रेघ आकाराच्या दीड टक्का. ६० पॉइंटच्या मथळ्यात ती ०.९ पॉइंट होते, साधारण ०.३२ मिलिमीटर. कुठलाही छापखाना ती बिनतक्रार छापेल. तीच रेघ लेबलवरच्या ७ पॉइंटच्या मजकुरात ०.१ पॉइंट उरते, म्हणजे ०.०३७ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. अशा रेघेचं हेअरलाइन हे नाव कौतुकानं पडलं असेल, पण तुमच्या लेबलवर ती केसाहूनही बारीक झाली आहे.

इथे एक गंमत आहे. ऑफसेट छपाईची प्लेट बहुतेक वेळा २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) निघते, तिचा एक ठिपका ०.०१ मिलिमीटरचा. त्यामुळे प्लेटवर ही रेघ व्यवस्थित येते, भिंगातून बघितलीत तर सुरेख दिसते. अडचण त्यापुढे सुरू होते: शाई किती लागली, कागद ती किती पितो, दाब किती आहे. ऑफिसातल्या ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरचा ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा असतो. तिथे ही रेघ धड एका ठिपक्याएवढीसुद्धा नाही. मग प्रिंटर कुठे एक ठिपका टाकतो, कुठे दोन, आणि एकाच ओळीतली दोन ई वेगवेगळ्या वजनाची दिसतात. फॉन्टची फाइल खराब आहे असं वाटून लोक ती पुन्हा डाउनलोड करतात. मीही एकदा केली आहे.

मोजलेल्या टक्केवारीवरून मी माझ्यापुरत्या हद्दी ठरवल्या आहेत. गुळगुळीत कोटेड कागदावर साधी काळी छपाई असेल तर बारीक रेघ पाव पॉइंटच्या खाली जाऊ देत नाही. गडद रंगातून पांढरी अक्षरं काढायची असतील, ज्याला आपण रिव्हर्स म्हणतो, तर अर्धा पॉइंट. दीड टक्क्याच्या हिशेबानं पहिली हद्द सुमारे १७ पॉइंटला येते, दुसरी ३३ ला. त्याखाली तो डिस्प्ले कट, म्हणजे मोठ्या आकारासाठीचं रेखाटन, वापरायचा नाही. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. चांगला मशीनवाला आणि चांगला कागद मिळाला तर यापेक्षा बारीकही निभतं. खरबरीत, शाई पिणाऱ्या कागदावर सरळ रेघ फुगते, म्हणजे टिकते खरी पण नजाकत जाते. फॉइल, डाय, स्क्रीन प्रिंटिंग यांच्या हद्दी ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्यालाच विचारायच्या.

आता क्लायंटच्या ‘बोल्ड करा’बद्दल, कारण हा सल्ला तुम्हाला पुन्हा पुन्हा मिळणार आहे. बहुतेक टाइपमध्ये बोल्ड म्हणजे सगळंच जाड. या जातीत तसं नसतं. समजा रेग्युलरमध्ये उभा स्टेम (अक्षराची जाड उभी रेघ) १०० युनिट आणि बारीक रेघ १५ युनिट आहे. बोल्डमध्ये स्टेम १७० होतो, पण बारीक रेघ जेमतेम १८. म्हणजे फरक साडेसहा पटींवरून साडेनऊ पटींच्या जवळ गेला. लहान आकारात उभ्या रेघा काळ्या खांबांसारख्या पुढे येतात आणि त्यांना जोडणारं जे काही आहे ते आणखीच दिसेनासं होतं. लोअरकेस एम, एन, यू, आय एकापाठोपाठ आले की कुंपण उभं राहतं. ईची आडवी रेघ गेली की ती सी होते, एच म्हणजे शेजारी शेजारी उभे दोन आय होतात. तुमच्या फॉइलच्या नमुन्यात हेच झालं आहे. बोल्ड करून ते दुखणं वाढेल.

हे टाइप मुळात जन्मले कसे हे थोडं सांगते, कारण त्यातच उपायही आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला जॉन बास्करव्हिलनं अधिक गुळगुळीत कागद, अधिक काळी शाई आणि छापलेले ताव गरम पत्र्यांमध्ये दाबण्याची रीत वापरून पाहिली. बारीक रेघ कागदावर स्वच्छ उमटू शकते हे त्यातून दिसलं. त्या वाटेनं पुढे जाऊन टोक गाठलं ते दोघांनी: १७६८ पासून इटलीतल्या पार्मा इथं ड्यूकचा छापखाना चालवणाऱ्या जांबातिस्ता बोडोनीनं आणि पॅरिसमध्ये फिर्मां दिदोनं. सेरिफची स्टेमला जोडणारी कमान गेली, सपाट बारीक पट्टी आली. अक्षराचा तिरपा कल जाऊन अक्ष सरळ उभा झाला. ही रुंद टाकाची अक्षरं नव्हेत. टोकदार, लवचिक निबावर दाब दिला की रेघ फुगते आणि दाब सोडला की केसासारखी होते, त्या वळणाची आहेत. या दोघांच्या नावांवरून या साऱ्या जातीला डिडोन म्हणतात.

पण बोडोनीची पुस्तकं पाहिलीत तर लक्षात येतं की हे टाइप त्यानं लाडात वाढवले होते. मोठा आकार, ओळींमध्ये भरपूर अंतर, ऐसपैस समास, उत्तम कागद. आणि मुख्य गोष्ट, प्रत्येक आकारासाठी पंच (अक्षर कोरलेला पोलादी ठसा) वेगळा कोरलेला. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) काळात दुसरा इलाजच नव्हता: १० पॉइंटचा खिळा मोठा करून ४८ चा होत नसे. त्यामुळे कोरणाऱ्याचा हात आपोआप तडजोड करत असे. लहान आकारात बारीक रेघ थोडी भरीव, अक्षर थोडं रुंद, दोन अक्षरांमधलं अंतर थोडं सैल. मोठ्या आकारात हात मोकळा. एकाच नावाखाली अशी भावंडं असत आणि वाचणाऱ्याला ती एकच वाटत. हल्ली याला ऑप्टिकल साइझ म्हणतात.

ही भावंडं दुरावली ती यंत्रांमुळे. १८८५ मध्ये अमेरिकेत लिन बॉइड बेंटन यानं पँटोग्राफच्या (चित्र लहान-मोठं करून उतरवणाऱ्या साधनाच्या) तत्त्वावर पंच कोरणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. एका चित्रावरून अनेक आकार काढता येऊ लागले. तरी जाणकार लोक आकारागणिक फेरफार करतच होते. पुढे फोटोटाइपसेटिंग आलं, तिथे बहुधा एकच निगेटिव्ह आणि बाकी काम भिंगाचं. सुरुवातीच्या डिजिटल फॉन्टनी तोच एक साचा उचलला. तुमच्या संगणकात ‘बोडोनी’ किंवा ‘दिदो’ नावानं जे बसलेलं असतं ते पुष्कळदा असं एकुलतं एक भावंड असतं, आणि त्याच्याकडून आपण ६ पॉइंटपासून ६०० पर्यंत सगळी कामं करून घेऊ पाहतो.

दुरुस्तीही झाली आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्पर्स बझार या फॅशन मासिकाच्या नव्या रूपासाठी टाइप डिझायनर जोनाथन हॉफलरनं जो दिदो काढला, तो ६ पॉइंटपासून ९६ पॉइंटपर्यंत सात वेगवेगळ्या कटमध्ये. कल्पना अशी की मथळा कितीही मोठा केला तरी बारीक रेघ तेवढीच बारीक राहिली पाहिजे. १९९४ मध्ये टाइप डिझायनर समनर स्टोनच्या देखरेखीखाली आयटीसी बोडोनी हा फॉन्ट आला. त्या चमूनं पार्म्याला जाऊन मूळ पंच पाहिले आणि सहा, बारा, बहात्तर असे तीन कट केले. हे तीन एकाच आकाराला शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘सहा’ मोठा केला तर ओबडधोबड, जवळजवळ खेडवळ दिसतो. कोपरे गोलसर, रेघा भरदार. तो ६ पॉइंटला ठेवला की मात्र डोळ्याला बोडोनीच दिसतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: फॉन्ट बदलू नका, कट बदला. तुमचा फॉन्ट विकत घेतलेला असेल तर त्याच कुटुंबात टेक्स्ट, मायक्रो किंवा आकड्यांच्या नावानं दुसरे कट आहेत का ते पाहा. नसतील तर ओपन परवान्यातही पर्याय आहेत. बोडोनी मोडा व्हेरिएबल आहे, म्हणजे एकाच फाइलमध्ये अक्षराचं रूप सरकवून बदलता येतं; त्यात ऑप्टिकल साइझचा अक्ष ६ ते ९६ पर्यंत सरकतो. डीएम सेरिफचे डिस्प्ले आणि टेक्स्ट असे दोन वेगळे कट मिळतात. क्लाउस एगर्स सोरेन्सनचा प्लेफेअर डिस्प्ले तुम्ही नक्की पाहिला असेल. नावातच डिस्प्ले आहे हे विसरून लोक त्यात परिच्छेदच्या परिच्छेद लावतात, आणि एक्स-हाइट (लोअरकेस अक्षरांची उंची) मोठी असल्यामुळे तो बराच वेळ निभावूनही नेतो. पण लेबलवरच्या ६ पॉइंटला नाही. त्याचीच पुढची आवृत्ती नुसत्या प्लेफेअर नावानं आहे आणि तिच्यात ऑप्टिकल साइझचा अक्ष आहे.

वेबवर एक खाचखळगा आहे. ऑप्टिकल अक्ष असलेला फॉन्ट आणला की ब्राउझर आकारानुसार योग्य कट आपोआप निवडतो, वेगळं काही लिहावं लागत नाही. पण तो अक्ष फाइलमध्ये आलेला असला पाहिजे. गूगल फॉन्ट्सकडून मागवताना दुव्यात तो अक्ष मागितला नाही तर एकच ठरलेला कट मिळतो, आणि मग मथळा आणि मजकूर दोन्ही त्याच साच्यातून निघतात. दुसरी तपासायची गोष्ट: अनेक तयार थीममध्ये मॅकवरच्या अक्षरांची धार मऊ करणारी ‘अँटीअलायझ्ड’ ही सेटिंग घातलेली असते. तिच्यामुळे अक्षर जरा सडपातळ दिसतं. साध्या सॅन्समध्ये (सेरिफ नसलेल्या टाइपमध्ये) ते खपून जातं, इथे तुमची उरलीसुरली बारीक रेघ तीच खाते. मी पहिल्यांदा ती ओळ शोधून काढते.

पडद्याचं गणितही तेच आहे. १६ पिक्सेलच्या मजकुरात दीड टक्क्याची रेघ म्हणजे ०.२४ पिक्सेल. पाव पिक्सेल काळा करता येत नाही, म्हणून पडदा तो अख्खा पिक्सेल फिकट राखाडी करतो. जाड रेघ काळी कुळकुळीत, बारीक रेघ राखाडी. तुम्ही ज्याला चमचमणं म्हणताय ते हेच. साध्या पडद्यावर ती रेघ पुरा एक पिक्सेल व्हायला ६७ पिक्सेलचा मथळा लागतो, दुप्पट घनतेच्या पडद्यावर ३३, तिप्पट घनतेच्या फोनवर २२ च्या आसपास. म्हणून तुमच्या महागड्या फोनवर ठीक दिसलेलं पान क्लायंटच्या जुन्या मॉनिटरवर फसतं, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असता. आणखी एक, वाचनसुलभतेच्या नियमांत साध्या मजकुराला ४.५ ला १ एवढा रंगभेद मागतात. तो तुम्ही रंगांच्या आकड्यांवर तपासता. राखाडी झालेल्या रेघेचा प्रत्यक्षातला भेद त्याहून कितीतरी कमी असतो. त्यामुळे या टाइपमध्ये फिकट करडा मजकूर लावण्याचा मोह टाळाच.

रिव्हर्सबद्दल एक स्वतःची फजिती सांगते. छायाचित्रांच्या एका प्रदर्शनाचा कॅटलॉग होता, सगळी पानं काळी. मी ९ पॉइंटचा मजकूर अशाच एका डिस्प्ले कटमध्ये पांढरा काढला. काळा खोल दिसावा म्हणून चारही शाया वापरल्या होत्या. हिशेब बघा: ९ पॉइंटला बारीक रेघ ०.०४८ मिलिमीटर. चार प्लेटपैकी एक जरी ०.०५ मिलिमीटर सरकली तरी ती रेघ त्या शाईनं पूर्ण भरते, आणि इतकं सरकणं छपाईत अगदी रोजचं आहे. कॅटलॉग आला तेव्हा जवळजवळ प्रत्येक ईची सी झाली होती, काही ठिकाणी निळसर कडेसकट. स्क्रीनवर ४०० टक्के झूम करून मी प्रत्येक ओळ तपासली होती. १०० टक्क्यांना, कागदावर, एकदाही नाही. तो सगळा विभाग पुन्हा छापावा लागला आणि अर्धा खर्च मी सोसला. दुसऱ्या खेपेला टेक्स्ट कट घेतला, वजन एक पायरी वाढवलं आणि काळी सोडून बाकी तिन्ही प्लेटवर अक्षरांची जागा किंचित मोठी ठेवली, म्हणजे प्लेट थोडी हलली तरी अक्षराची कड फक्त काळ्या शाईनं ठरते. तेव्हापासून गडद पानावर पांढरा मजकूर असला की मी पहिला प्रश्न हा विचारते की काळा कशाकशाचा बनवला आहे.

तुमच्या फॉइलची गोष्ट याहून थोडी वेगळी. तिथे रंग जुळवण्याचा प्रश्न नाही. गरम डाय (धातूचा ठसा) फॉइल कागदावर चिकटवतो. खोक्याचा कागद खरबरीत असेल तर फॉइल खड्ड्यांवरून पूल बांधल्यासारखं जातं आणि बारीक रेघ मध्येच तुटते. उलट ए या अक्षराच्या पोटातल्यासारख्या बंद जागा भरून जातात. म्हणजे बारीक ते तुटतं आणि अरुंद ते बुजतं, दोन्हीकडून मार. नाव २४ पॉइंटला असेल तर रेघ ०.१३ मिलिमीटरच्या आसपास आहे. गुळगुळीत खोक्यावर कदाचित निभेल, पोत असलेल्यावर नाही. दोनच मार्ग: कागद बदला किंवा रेघ भरा. भरतकामासारख्या ठिकाणी तर रेघ एक मिलिमीटरच्या आसपास तरी हवी. तिथे या अक्षरांचा हट्ट न धरलेला बरा.

रेघ भरायची म्हणजे अक्षराला सरसकट बाहेरून स्ट्रोक लावायचा नाही. असा स्ट्रोक जाड स्टेमलाही आणखी जाड करतो, टोकदार कोपरे बोथट करतो आणि पोट बुजवतो. अगदी घाईच्या वेळी ०.१ पॉइंटचा स्ट्रोक लावून मी काम निभावलं आहे, नाकारत नाही, पण लोगोला ते करू नका. लोगोचे तीन कट करा. मोठा, म्हणजे आत्ता आहे तो. मधला, ज्यात फक्त आडव्या बारीक रेघा आणि सेरिफ दीडपट केलेत, स्टेमला हात लावला नाही, अक्षरांमध्ये थोडी हवा सोडली. आणि लहान, ज्यात रेघ मूळच्या अडीच ते तीन पट आहे. व्हेरिएबल फॉन्ट असेल तर अक्ष सरकवून निम्मं काम होतं, उरलेलं हातानं. तिन्ही आपापल्या आकाराला ठेवले की कोणालाही फरक कळत नाही. ब्रँडच्या नियमावलीत प्रत्येक कटपुढे ‘इतक्या मिलिमीटरपासून इतक्यापर्यंत’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढचा माणूस मोठाच कट टोपणावर छापून मोकळा होईल.

आता हे टाइप खरोखर कुठे खुलतात ते. सगळा वेळ धोकेच सांगत बसले तर तुम्ही ते टाकून द्याल, आणि ते मला नको आहे. मासिकाचं नाव, मथळा, पानातलं मोठं उद्धरण, परिच्छेदाचं पहिलं टपोरं अक्षर, कार्यक्रमपत्रिकेचं मुखपृष्ठ. आणि आकडे! दोन, तीन, पाच यांच्या टोकाला असलेले ते गोल थेंब आणि सातची सरळ उतरणारी रेघ यांच्यासाठी मी कधी कधी फक्त आकडे या टाइपमध्ये लावते आणि बाकी सगळं दुसऱ्यात. वर्ष, पृष्ठक्रमांक, प्रकरणाचा क्रमांक, सगळे आकडे मोठे करून बघा. फक्त प्लेफेअर डिस्प्लेमध्ये आकडे मुळात जुन्या पद्धतीचे येतात, कुठला वर कुठला खाली लोंबणारा. वाक्यात ते छान दिसतात, पण तुमच्या बाटलीवरचे मिलिलिटर किंवा फोन नंबर नाचतात. फॉन्टमध्ये एका रेषेतले आकडेही आहेत. ओपनटाइपमधून लायनिंग चालू करा, वेबवर त्याची सेटिंग आहे. तसंच इटॅलिकमधलं अँडचं चिन्ह. ब्रँडच्या नावात ते असेल तर अर्धा लोगो तयारच आहे.

अंतराबद्दल थोडक्यात. मोठ्या मथळ्यात ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) एक-दोन टक्के आवळा, पण शेजारच्या दोन अक्षरांचे बारीक सेरिफ एकमेकांना नुसते शिवतील असं ठेवू नका. एकतर स्वच्छ फट किंवा सरळ जोड. सगळी कॅप्स असतील तर उलट पाच ते दहा टक्के सैल. लहान मजकुरात ट्रॅकिंग किंचित वाढवा आणि लीडिंग (ओळींमधलं अंतर) नेहमीपेक्षा एक पायरी जास्त द्या. उभ्या रेघांचा जोर इतका असतो की डोळा आडवा सरकण्याऐवजी ओळीत अडखळतो, मोकळी जागा त्याला पुढे नेते.

जोडीला काय घ्यावं, हेही तुम्ही विचारलं आहे. माझं मत ठाम आहे: मध्यम कॉन्ट्रास्टचा दुसरा सेरिफ नको. दोन्ही जवळपास सारखे पण नेमके सारखे नाहीत, त्यामुळे चूक झाल्यासारखं वाटतं. एकसारख्या जाडीचा साधा सॅन्स घ्या आणि त्याचं वजन डिडोनच्या जाड आणि बारीक रेघेच्या मध्ये कुठेतरी बसवा. तुमच्या मागच्या लेबलवरचा सगळा मजकूर मी निःसंकोच सॅन्समध्ये टाकीन. ६ पॉइंटला घटकांची यादी वाचणाऱ्याला नजाकतीशी देणंघेणं नसतं.

देवनागरीत नाव लिहायचं असेल तर मात्र जपून. बोरूच्या अक्षरात जाड-बारीक फरक कलमाच्या तिरक्या काटामुळे येतो, दाबामुळे नाही, आणि शिरोरेघ त्यात कधी केसासारखी नसते. डिडोनचा नियम देवनागरीवर लादला की ‘सगळ्या आडव्या रेघा बारीक’ या हिशेबात पहिला बळी शिरोरेघेचा जातो. शब्दाला बांधून ठेवणारी तीच रेघ फिकट झाली की लहान आकारात शब्द सुट्या खांबांची रांग दिसू लागतो. रोझा वन हा फॉन्ट या दिशेनं धीटपणे गेला आहे आणि पोस्टरच्या आकाराला तो झकास दिसतो; लेबलला नाही. दोन्ही लिप्या शेजारी असतील तर मी कॉन्ट्रास्ट जुळवत नाही. डोळे किलकिले करून पानावरचा दोघींचा करडेपणा सारखा दिसतो का, एवढंच बघते.

एक शंका मात्र बोलून दाखवते. व्होग या फॅशन मासिकाचं नाव १९५५ पासून दिदोमध्ये आहे आणि तेव्हापासून ‘नजाकत’ म्हटली की सगळे याच कपाटात हात घालतात. अत्तराच्या फडताळावर तुमच्या बाटलीच्या डाव्या-उजव्या बाजूला हीच अक्षरं असण्याची शक्यता मोठी आहे. टाइप बदला असं म्हणत नाही, पण छपाईला जाण्यापूर्वी स्पर्धकांची दहा नावं एकाच पानावर काळ्या रंगात, एकाच उंचीची लावून त्यात तुमचं नाव घालून बघा. ते पटकन सापडलं नाही तर एखादं अक्षर हातानं वेगळं काढावं लागेल, आणि त्यासाठी कॅपिटल आर किंवा क्यूचं शेपूट सगळ्यात सोयीचं.

कामाचा क्रम मी असा लावीन. आज एच मोजा आणि टक्केवारी काढा. मग लोगोचे तीन कट, लेबलचा मजकूर सॅन्समध्ये, वेबसाइटवर ऑप्टिकल अक्ष. नंतर सगळं १०० टक्के आकाराला साध्या लेझर प्रिंटरवर काढून हातभर अंतरावर धरा. लेझरवर जे वाचता येतं ते ऑफसेटला सहसा दगा देत नाही. फॉइलसाठी मात्र प्रूफवर भरवसा नको: एकाच डायमध्ये तिन्ही कट शेजारी शेजारी कोरून घ्या आणि खऱ्या खोक्याच्या कागदावर ठसा मारायला सांगा. एचची रेघ ज्या कटमध्ये सलग आली तो घ्यायचा, मग तो स्क्रीनवर कितीही जाडजूड दिसो.